बारा आठवडे एकाच रुग्णाबरोबर

पुण्यात बायपास किंवा अँजिओप्लास्टी झालेला रुग्ण डिस्चार्ज घेऊन निघतो, तेव्हा त्याच्या फाइलमध्ये गोळ्यांच्या वेळा नीट लिहिलेल्या असतात, पुन्हा दाखवायला कधी यायचे ती तारीख असते, तेल-मीठ कमी करण्याची सूचना असते. व्यायामाबद्दल मात्र पुष्कळदा एकच ओळ सापडते : चालणे हळूहळू वाढवा. हळूहळू म्हणजे किती, दम कितपत लागलेला चालेल, छातीत जड वाटले तर जागीच थांबायचे की कसेबसे घर गाठायचे, हे त्या ओळीतून कळत नाही. मग कुणी धास्तीने महिनोन्‌महिने घराबाहेर पडत नाही आणि कुणी पंधरा दिवसांत ‘मी ठणठणीत आहे’ हे दाखवायला पर्वतीच्या पायऱ्यांकडे निघतो. या दोघांनाही डॉक्टरांच्या सल्ल्याने आखलेला आणि जाणत्या माणसाच्या नजरेखाली होणारा व्यायाम हवा असतो. पुण्यातल्या काही मोठ्या खासगी रुग्णालयांत तशी सोय आहे. पण ज्याला बायपासचा खर्चच सरकारी योजनेतून भागवावा लागला, त्याच्यापर्यंत ती पोहोचत नाही. माझे म्हणणे असे, की फिजिओथेरपीच्या आणि त्यांच्या जोडीने नर्सिंग व आहारशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हृदय-पुनर्वसनाच्या वर्गात सलग बारा आठवड्यांची पोस्टिंग द्यावी, आणि असा एक सार्वजनिक वर्ग स्वारगेटला सुरू करावा. पोस्टिंगची मुदत विभागांच्या वाटपावरून न ठरवता रुग्णाच्या बरे होण्याच्या मुदतीवरून ठरवावी, हा या मागणीचा गाभा आहे.

व्यायामाचा उपयोग होतो का, हा प्रश्न आता फारसा वादाचा राहिलेला नाही. ‘युरोपियन हार्ट जर्नल’मध्ये 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात 85 चाचण्या आणि 23 हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासली आहे. व्यायामावर आधारलेले पुनर्वसन घेतलेल्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळले, पुन्हा रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाणही जवळपास तेवढेच घटले. सर्व कारणांनी होणाऱ्या एकूण मृत्यूंत मात्र ठाम फरक दिसला नाही. ही मर्यादाही सांगितली पाहिजे. भारतातला पुरावा याहून गुंतागुंतीचा आहे. ‘योगा-केअर’ नावाची चाचणी देशातल्या 24 रुग्णालयांत जवळजवळ चार हजार रुग्णांवर झाली आणि तिचे निष्कर्ष 2020 मध्ये छापून आले. योगावर आधारलेल्या पुनर्वसनाने पुन्हा झटका येण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण निश्चितपणे कमी झाले असे त्यातून सिद्ध झाले नाही. पण रुग्णांना स्वतःची प्रकृती अधिक चांगली वाटली आणि आजारापूर्वीच्या कामांकडे परतणे त्यांना अधिक जमले. हे कामाकडे परतणे आपल्याकडे दुय्यम मानता येणार नाही. 52 देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासानुसार दक्षिण आशियातल्या निम्म्या रुग्णांना पहिला झटका वयाच्या 53 व्या वर्षाच्या आत आलेला होता. इतर देशांत हेच वय जवळपास 59 होते. त्रेपन्नाव्या वर्षी माणसाची रिक्षा चालू असते, दुकान चालू असते, मुलांचे शिक्षण अर्ध्यात असते. त्याला दोन जिने चढता येतात की नाही, यावर घर चालते.

अशा वर्गातला एक तास बाहेरून अगदी साधा दिसतो : दहा-बारा माणसे, दोन-तीन ट्रेडमिल, सायकली, रबरी पट्टे, भिंतीलगत खुर्च्या. काम सुरू होते ते मात्र व्यायामाच्या आधीच. आल्या आल्या रक्तदाब आणि नाडी, मधुमेह असेल तर साखर. मग प्रश्न : सकाळच्या गोळ्या घेतल्या का, रात्री उशा वाढवून झोपावे लागले का, पायावर सूज आहे का, दोन-तीन दिवसांत वजन एकदम वाढले का. वजनाचा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो, पण हृदयाची ताकद कमी झालेल्या रुग्णात अचानक वाढलेले दोन किलो बहुधा साठलेले पाणी असते आणि त्या दिवशी व्यायामापेक्षा डॉक्टरांना फोन करणे महत्त्वाचे ठरते. त्यानंतर दहा मिनिटे अंग मोकळे करणे, आणि मग मुख्य व्यायाम. इथे नवख्याची फसगत होते ती नाडीच्या आकड्याने. बहुतेक हृदयरुग्ण बीटा-ब्लॉकर गटातली गोळी घेत असतात. तिच्यामुळे श्रम वाढले तरी नाडी त्या मानाने वाढत नाही. मनगटावरचे घड्याळ सगळे आलबेल दाखवत असते आणि माणूस घामाघूम झालेला असतो. म्हणून बोर्गच्या 6 ते 20 या मापनपट्टीवर रुग्णालाच विचारतात, किती जड जातेय? साधारण 11 ते 13 मध्ये ठेवायचे. चालताना त्याला एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आले पाहिजे, ही दुसरी खूण. शेवटी वेग हळूहळू उतरवायचा, कारण एकदम थांबल्यावर रक्त पायांत साचून भोवळ येऊ शकते. व्यायाम संपल्यावरही पंधरा मिनिटे बसवून ठेवायचे, पुन्हा रक्तदाब बघायचा, मगच सोडायचे. बायपासच्या रुग्णाचे आणखी एक असते. उरोस्थी कापून तारेने बांधलेली असते आणि ती पक्की जुळायला दोन-तीन महिने जातात. तेवढ्या काळात त्याचे प्रश्न पुस्तकातले नसतात : स्कूटर मेन स्टँडला लावू का, पीएमपीच्या बसमध्ये वरचा दांडा धरून उभा राहू का, पाण्याची भरलेली बादली उचलू का.

या तासात सर्वांत अवघड काय, तर ‘बरं आहे’ म्हणणारा रुग्ण ओळखणे. आपल्याकडची वडीलधारी माणसे डॉक्टरांसमोर तक्रार करायला संकोचतात. मापनपट्टीवर 11 सांगतात आणि वाक्य मध्येच तोडतात. अशा माणसाचे 11 म्हणजे खरे किती, हे त्याला पहिल्या आठवड्यापासून पाहणाऱ्यालाच समजते. मागच्या सोमवारी हाच वेग असताना हे गावाकडच्या पावसाबद्दल बोलत होते, आज गप्प आहेत, असे ज्याच्या लक्षात येते तो शिकला. ही नजर एखाद्या प्रात्यक्षिकातून येत नाही, परीक्षेतल्या केसमधूनही येत नाही. ती यायला तोच माणूस पुन्हा पुन्हा भेटावा लागतो.

आपल्या शिक्षणक्रमात नेमके तेच घडत नाही. फिजिओथेरपीच्या शिक्षणात महाराष्ट्र मागे आहे असे नव्हे. देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा 1952 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाली. पुण्यात शिवाजीनगरला संचेतीचे महाविद्यालय आहे, स्वारगेटवरून सातारा रस्त्याने थोडे दक्षिणेला गेले की धनकवडीत भारती विद्यापीठाचे आहे. हृदय आणि श्वसनाची फिजिओथेरपी हा पदवीच्या शेवटच्या वर्षाचा एक मुख्य विषय आहे, त्यात पुढे पदव्युत्तर शिक्षणही घेता येते. पण विद्यार्थ्याला हृदयरुग्ण भेटतो तो प्रामुख्याने आयसीयूत आणि वॉर्डात. छातीला उशी धरून खोकायला शिकवणे, तीन चेंडूंच्या यंत्रात श्वास ओढायला लावणे, पलंगाच्या कडेला बसवणे, कॉरिडॉरमधली पहिली फेरी. हे काम मोलाचे आहे, त्याबद्दल शंका नाही. मात्र पाच-सात दिवसांत रुग्ण घरी जातो आणि विद्यार्थी पुढच्या खाटेकडे वळतो. आजवरची इंटर्नशिप सहा महिन्यांची, म्हणजे सव्वीस आठवड्यांची. हाडांचे विकार, मेंदूचे विकार, हृदय-श्वसन, समाजारोग्य असे वाटप केले की कुठल्याही विभागाच्या वाट्याला जेमतेम पाच-सहा आठवडे उरतात. त्यामुळे पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलाने किंवा मुलीने बायपासनंतर चौथ्या दिवशी चालणारे कितीतरी रुग्ण पाहिलेले असतात, पण त्यातला एखादा बाराव्या आठवड्यात कसा चालतो, हे पाहिलेलेच नसते. उपचाराचा शेवट न पाहता उपचार शिकवण्याची ही पद्धत आपण इतकी अंगवळणी पाडून घेतली आहे, की तिच्यात काही उणे आहे असे कुणाला वाटत नाही.

सलग पोस्टिंगचा फायदा विद्यार्थ्यापुरता थांबत नाही. पुनर्वसनाचे सगळ्यात मोठे दुखणे गळतीचे आहे, आणि ते श्रीमंत देशांतही सुटलेले नाही. अमेरिकेत ज्येष्ठांच्या सरकारी विम्यातून 36 सत्रांचा खर्च मिळतो. तरीही 2016 मध्ये पात्र ठरलेल्या रुग्णांपैकी चारातला एकच वर्गापर्यंत पोहोचला, आणि पोहोचलेल्यांतलेही साधारण चारात एकाहून थोडे अधिक एवढ्यांनीच सगळी सत्रे पुरी केली. म्हणजे पैसे भरायला कुणीतरी असले तरी माणसे येतातच असे नाही. तिसऱ्या आठवड्यात बरे वाटू लागते, दुकान वाट बघत असते, घरात लग्न निघते, आणि येणे बंद पडते. अशा वेळी ‘काका, दोन दिवस आला नाहीत, सगळं ठीक ना?’ असा फोन करणारे कुणी असेल, तर निदान गैरहजेरीचे कारण कळते. वर्गातल्या एकट्या फिजिओथेरपिस्टला चाळीस रुग्णांचे हे सांभाळणे शक्य नसते. चार रुग्णांची जबाबदारी असलेल्या विद्यार्थ्याला ते जमते, आणि रुग्ण औषधे का सोडतात, व्यायाम का सोडतात, हेही त्याला त्याच फोनवर शिकायला मिळते.

यावर रुग्णाच्या घरच्यांची पहिली शंका सुरक्षेची असणार, आणि ती रास्त आहे. नुकतेच हृदय सावरलेल्या माणसाला बावीस वर्षांच्या मुलाच्या हाती कसे द्यायचे? इथे आकडे धीर देणारे आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2007 मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार देखरेखीखालच्या वर्गांत हृदय बंद पडण्याची एक घटना साधारण 1 लाख 17 हजार रुग्ण-तासांमागे घडते, आणि मृत्यू साडेसात लाख रुग्ण-तासांमागे एक. पण हे आकडे देखरेखीचे आहेत, विद्यार्थ्यांच्या भरवशावर सोडलेल्या वर्गाचे नव्हेत. म्हणून विद्यार्थी पाठवण्याआधी काही गोष्टींवर तडजोड नको. पात्र फिजिओथेरपिस्ट त्याच खोलीत, हाकेच्या अंतरावर हवा. डिफिब्रिलेटर आणि तो वापरता येणारी माणसे हवीत. प्रत्येक विद्यार्थ्याने छातीदाबाचे प्रशिक्षण आधी पुरे केलेले हवे. तपासणीत जास्त धोक्याचा ठरलेला रुग्ण रुग्णालयातल्याच वर्गात जावा, सार्वजनिक वर्गात कमी आणि मध्यम धोक्याचेच घ्यावेत. आणि व्यायामाची मात्रा वाढवण्याचा निर्णय विद्यार्थ्याचा नसावा. थांबवण्याचा अधिकार मात्र त्याला पहिल्या दिवसापासून असावा. छातीत दुखते म्हटल्यावर सरांना विचारून येतो म्हणत धावत जाणारा विद्यार्थी धोक्याचा. ट्रेडमिल आधी थांबवून मग हाक मारणारा विद्यार्थी आपल्याला हवा आहे.

मला यापेक्षा जास्त काळजी दुसऱ्या एका शक्यतेची वाटते : विद्यार्थी म्हणजे फुकटचे मनुष्यबळ असे समजून वर्ग चालवला जाण्याची. आरोग्यसेवेत इंटर्नच्या बळावर विभाग ओढण्याची सवय जुनी आहे. चार विद्यार्थी आले म्हणून एक पगारी जागा रिकामी ठेवली, तर ही सगळी कल्पनाच मोडीत निघेल. त्या दिवसापासून शिकवणारा कुणी उरणार नाही आणि रुग्णही असुरक्षित होईल. त्यामुळे वर्गाला किती माणसे लागतात हे विद्यार्थ्यांना न मोजता ठरले पाहिजे. विद्यार्थी एक आठवडा परीक्षेला गेले तरी वर्ग बंद पडत नसेल, तरच ती जागा पोस्टिंगला योग्य समजावी. इंटर्नना विद्यावेतन मिळावे, आणि देखरेख करणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या कामाच्या तासांत शिकवण्याचे तास धरले जावेत. नाहीतर दिवसभर रुग्ण बघून थकलेला माणूस शिकवणार कधी?

रुग्णाच्या बाजूनेही एक अडचण आहे, ती संकोचाची. छातीवर इलेक्ट्रोड लावायचे, टाक्यांची जागा बघायची, आणि भोवती चार तरुण मुले. बायकांच्या बाबतीत हा संकोच अनेकदा वर्गच सोडायला लावतो. पुनर्वसनात स्त्रियांची उपस्थिती जगभर पुरुषांपेक्षा कमी आहे. आपल्याकडे त्यात घरकामाची आणि ‘माझ्यासाठी कशाला एवढी धावपळ’ या वृत्तीची भर पडते. विद्यार्थी असणार हे रुग्णाला आधी सांगून त्याची संमती घ्यावी, नको म्हणाल्यास उपचारात काही फरक पडणार नाही हे स्पष्ट सांगावे, आणि स्त्रियांच्या गटाला विद्यार्थिनी द्याव्यात. फिजिओथेरपीच्या वर्गांत मुलींची संख्या मोठी असते, तेव्हा हे अवघड नाही.

‘आता सगळे फोनवर होते, वर्ग हवाच कशाला,’ असेही कुणी म्हणेल. घरी केलेल्या पुनर्वसनाचे परिणाम केंद्रातल्या पुनर्वसनाइतकेच असतात असे चाचण्यांचे एकत्रित निष्कर्ष सांगतात, त्यामुळे हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. किंबहुना भोर, वाई किंवा सांगलीकडच्या रुग्णाला आठवड्यातून तीनदा पुण्याला बोलावणे अन्यायाचेच होईल. पण घरचा कार्यक्रमही कुणीतरी आधी तपासून आखून द्यावा लागतो. सहा मिनिटांत माणूस किती अंतर चालतो, तेव्हा रक्तदाब कुठे जातो, लय बिघडते का, हे एकदा तरी समोर बसून पाहावे लागते. गावाकडच्या रुग्णाने पहिल्या दोन आठवड्यांत काही सत्रे इथे करावीत, पुढची घरी, दर आठवड्याला फोन, आणि शेवटी तपासणीला पुन्हा इथे, असा मेळ घालता येतो. त्या फोनची जबाबदारी त्याला पहिल्या दिवशी भेटलेल्या विद्यार्थ्याकडेच असावी.

स्वारगेट मी सुचवतो ते येणे-जाणे सोपे व्हावे म्हणून. आठवड्यातून तीनदा पोहोचायच्या ठिकाणाला वाहन बदलावे लागले की गळती वाढते. एसटीचे स्थानक, पीएमपीचे आगार आणि सप्टेंबर 2024 पासून भुयारी मेट्रो, अशा तिन्ही वाटा एकत्र येणारी शहरात दुसरी जागा शोधावी लागेल. पिंपरी-चिंचवडचा रुग्ण मेट्रोने थेट येतो, साताऱ्याकडचा एसटीने. 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, त्याखालच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट, आणि 2023 पासून बायकांना अर्धे तिकीट. म्हणजे वर्गाला येण्याच्या भाड्याचा मोठा वाटा राज्याने आधीच उचललेला आहे. ज्या रुग्ण स्त्रिया घराबाहेर पडत नाहीत त्यांना बाहेर काढायला याचा उपयोग करून घ्यावा. स्वारगेटच्या जेधे चौकातली गर्दी आणि धूर हृदयरुग्णाला मानवणारा नाही, हे खरे. पण वर्ग बंद दालनात असतो, आणि शेवटच्या आठवड्यांत मोकळ्यावर चालायला न्यायचे तर सारसबाग जवळ आहे. पर्वतीच्या शंभराहून अधिक पायऱ्या कधी चढायच्या, या खास पुणेरी प्रश्नाचे उत्तरही अंदाजाने देण्याऐवजी जिना चढवून, नाडी बघून देता येईल.

पैशांचे काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून राज्यात बायपास आणि अँजिओप्लास्टी होतात, कुटुंबामागे विम्याची मर्यादा आता पाच लाखांची आहे. मात्र ही योजना मुळात रुग्णालयात भरती होऊन घ्यायच्या उपचारांची; घरी गेल्यानंतरचे मोजकेच दिवस तिच्या कक्षेत येतात. लाखभराहून अधिक खर्चाची शस्त्रक्रिया करायची आणि तिचा लाभ टिकवणारे बारा आठवडे रुग्णाच्या नशिबावर सोडायचे, हा हिशेब सरकारच्याही तोट्याचा आहे, कारण हाच रुग्ण पुन्हा भरती झाला की खर्च त्याच योजनेवर पडतो. पुनर्वसनाच्या सत्रांचा दर शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्येच धरावा आणि तो सत्रांना हजेरी लागेल तसा केंद्राला द्यावा. जागा महापालिकेची असावी; 2022 पासून तिचे स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालयही आहे, तेव्हा हृदयरोग जाणणाऱ्या डॉक्टरांची देखरेख मागायला तिला दूर जावे लागणार नाही.

विद्यापीठांचे काम याहून सोपे आहे आणि त्याला वेळही अनुकूल आहे. आरोग्यसेवेतल्या संलग्न व्यवसायांसाठी 2021 मध्ये केंद्राचा कायदा झाला, त्यातून 2025 मध्ये फिजिओथेरपीचा नवा अभ्यासक्रम आला आणि इंटर्नशिप सहा महिन्यांची एक वर्षाची झाली. वाढलेल्या सहा महिन्यांत जुनेच विभाग दुप्पट लांबीने फिरवायचे, की त्यातले बारा आठवडे रुग्णांच्या एका तुकडीबरोबर सलग घालवायचे, हे नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाला आणि पुण्यातल्या अभिमत विद्यापीठांना ठरवायचे आहे. लॉगबुकात आज किती केसेस पाहिल्या याचा आकडा भरावा लागतो. त्यात चार पाने अशी घालावीत, की प्रत्येकावर एकाच रुग्णाची पहिल्या आणि बाराव्या आठवड्याची सहा मिनिटांची चाल, गैरहजेरीचे दिवस आणि त्यांची कारणे लिहावी लागतील. नव्या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी इंटर्नशिपला पोहोचायला अजून काही वर्षे आहेत, आणि स्वारगेटला एक दालन, दोन फिजिओथेरपिस्ट आणि एक डिफिब्रिलेटर उभा करायला तेवढा अवधी पुरतो.